विंचवाचे बिऱ्हाड आणि सुटीचे सुख

राहत्या जागेसाठी मराठीत तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे वजन निराळे आहे. घर हे वाडवडिलांचे, निदान आपल्या मालकीचे. त्याच्या उंबऱ्याला हळदकुंकू लागलेले असते. बिऱ्हाड हे भाड्याचे. तेथे चूल असते, संसार असतो, पण भिंतीत खिळा ठोकताना हात क्षणभर थांबतो. मुक्काम हा रात्रीपुरता. तेथे वळकटी सोडायची ती सकाळी बांधण्यासाठीच. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे आयुष्य पहिल्या शब्दाच्या आठवणीत, दुसऱ्याच्या व्यवहारात आणि तिसऱ्याच्या तयारीत जाते. बदलीचा हुकूम हाती पडला की ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण हसत उच्चारतो. पण त्या हसण्याच्या तळाशी थोडी कुरकुर असतेच.

अशा माणसाला एका गोष्टीचे नवल वाटले तर ते स्वाभाविक होय. इंग्लंडात, युरोपात आणि अमेरिकेत अशी लाखो कुटुंबे आहेत की ज्यांच्यापाशी चांगले नांदते घर असते आणि तरीही वर्षाची मोलाची सुटी मिळताच ती त्या घराला कुलूप लावतात, चाकांवरचे एक चिमुकले बिऱ्हाड मोटारीच्या मागे जोडतात आणि दोन-तीन आठवडे त्या खुराड्यात आनंदाने राहतात. या वाहनाला कॅरव्हॅन म्हणतात. शब्द मूळचा फारसी. व्यापाऱ्यांच्या ज्या काफिल्यांसाठी हा शब्द होता, त्यांची खूण हैदराबादच्या वाचकांना कारवान या वस्तीच्या नावात रोज भेटत असेल. काफिला पोटासाठी निघे. ही कुटुंबे सुखासाठी निघतात. प्रशस्त सोडून अडचणीत राहण्यात सुख ते कोणते? आणि ते असेलच, तर ते निर्दोष आहे काय? या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. दुसऱ्याच्या सुटीबद्दलचे हे प्रश्न शेवटी आपल्याच दाराशी येऊन थांबतात, असा माझा अनुभव आहे.

प्रथम या प्रथेचा थोडा इतिहास पाहू. गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ ब्रिटिश आरमारात डॉक्टर होते. पुढे ते मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. त्यांनी ब्रिस्टल येथील एका डबे बांधणाऱ्या कारखान्याकडून केवळ हौसेखातर राहण्याजोगी एक गाडी बांधून घेतली आणि तिला ‘वाँडरर’, म्हणजे भटकी, असे नाव दिले. सुमारे दोन टन वजनाची ती गाडी दोन घोडे ओढीत. १८८५ साली तिच्यातून ते दक्षिण इंग्लंडहून थेट स्कॉटलंडातील इन्व्हरनेसपर्यंत गेले. बरोबर गाडीवान होता, नोकर होता, एक मोठा कुत्रा होता आणि एक काकाकुवा होता. पुढच्याच वर्षी या प्रवासाचे पुस्तक निघाले, आणि सुखवस्तू इंग्रजांत या छंदाचे बीज पडले. १९०७ साली या छांदिष्टांचा कॅरव्हॅन क्लब स्थापन झाला. २०१७ साली त्याने नाव थोडे बदलले, पण संस्था चालूच आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ पासून, बर्मिंगहॅमच्या एक्लेस कंपनीने मोटारीमागे जोडावयाच्या गाड्या विक्रीसाठी बांधावयास घेतल्या. १९३८ साली ब्रिटिश पार्लमेंटाने पगारी सुटीचा कायदा केला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम आल्पर या कारखानदाराने ‘स्प्राइट’ नावाची स्वस्त गाडी बाजारात आणली, तेव्हा कारकून, शिक्षक आणि कामगार यांच्याही आवाक्यात ही चैन आली. अमेरिकेत वॉली बायम यांच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या ‘एअरस्ट्रीम’ गाड्या १९३६ पासून प्रसिद्ध आहेत. १९५९ साली बायम अशा गाड्यांचा एक मोठा तांडाच घेऊन केपटाउनहून कैरोपर्यंत गेले.

ज्या काळात प्रवास म्हणजे गाडीवान, नोकर आणि मालक असा थाट होता, त्या काळापासून आई, बाप आणि मुले मिळून सारे करतात त्या काळापर्यंत हे वाहन आले. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल, कारण सुखाचे मर्म मला तेथेच दिसते.

या सुटीचा दिनक्रम तसा साधा आहे. मुक्कामाची जागा आली की गाडी मोटारीपासून सोडवावयाची, ती सपाट उभी आहे की नाही हे पाहावयाचे आणि चार कोपऱ्यांचे पाय खाली उतरवावयाचे. नाही तर रात्रभर सारी मंडळी एका अंगाला घरंगळत राहतात. मग कोणी नळावरून पाणी भरून आणतो, कोणी गॅसची टाकी जोडतो, कोणी दारापुढे कापडी मांडव ताणतो. ज्या मेजावर जेवण होते तेच रात्री खाली दाबून त्यावर गाद्या पसरल्या की बिछाना होतो. सकाळी बिछाना मोडला नाही तर न्याहरी नाही. सांडपाणी आणि मलपात्र नेमल्या जागी जाऊन रिकामे करावे लागते, आणि या कामाची पाळी चुकविण्यासाठी लढविलेल्या युक्त्या हा अशा घरांत वर्षानुवर्षे थट्टेचा विषय होतो. पाऊस आला, आणि इंग्लंडात तो येतोच, तर पत्र्यावर त्याचा ताशा वाजत राहतो आणि चार-पाच माणसे गुडघ्याला गुडघे लावून पत्ते खेळत बसतात.

यात सुख कशाचे, असे विचारले तर पहिले उत्तर ठरलेले मिळते: मोकळी हवा, नवा देखावा, हॉटेलच्या खर्चातून सुटका आणि वाटेल तेथे थांबण्याचे स्वातंत्र्य. ही उत्तरे खोटी नाहीत. पण ती पुरेशीही नाहीत. देखावा आगगाडीच्या खिडकीतून दिसतो, मोकळी हवा गावाबाहेरच्या टेकडीवर फुकट मिळते. आणि वाटेल तेथे थांबण्याचे स्वातंत्र्य तर दाट वस्तीच्या देशात बहुधा कागदावरच असते. मुक्काम आगाऊ ठरवावे लागतात. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रांत प्रवासी माणसाला एक जुनी शंका विचारली आहे: देश बदलला तरी तू स्वतःलाच बरोबर नेतोस, मग दुःख मागे राहील कसे? या कुटुंबांना ती शंका अधिकच लागू पडते. ती तर स्वतःबरोबर स्वयंपाकघर, धाकट्याचा हट्ट आणि थोरलीचा रुसवाही नेतात. सेनेकाचे म्हणणे खरे मानले तर या सुटीत सुख असावयासच नको.

माझ्या मते सेनेकाने ज्याला अडचण मानले तेच येथे सुखाचे कारण होते. माणसे स्वतःला बरोबर नेतात हे खरे. पण एकमेकांपासून दूर राहण्याची साधने ती मागे ठेवून जातात. पक्के घर माणसांना एकत्र ठेवते, तसेच भिंती घालून अलगही करते. बाप आपल्या खोलीत, मुलगा आपल्या अभ्यासात, आई स्वयंपाकघरात. आणि आता तर प्रत्येकाच्या हातातल्या पडद्यामुळे एकाच दिवाणावर बसलेली तीन माणसे तीन गावांना गेलेली असतात. बारा-पंधरा फूट लांबीच्या डब्यात हे दूरत्व टिकत नाही. तेथे वडिलांचे घोरणे गुपित राहत नाही, आईचा थकवा दाराआड लपत नाही, आणि भांडण झाले तर पाय आपटीत निघून जाण्यासाठी दुसरी खोली नसते. रागावलेल्या माणसाला पंधरा मिनिटांनी त्याच माणसाच्या हातून चहाचा पेला घ्यावा लागतो. क्षमेला जो वेळ एरवी आठवडा लागतो तो येथे तासावर येतो. ही कोंडी लादलेली असती तर ती शिक्षा झाली असती. स्वतः स्वीकारलेली आणि मुदतीची असल्यामुळे ती एक प्रकारचे व्रत होते. उपास आणि उपासमार यांत पोटाच्या दृष्टीने फरक थोडा, पण मनाच्या दृष्टीने तो सर्वस्वी आहे. या भेदाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

दुसरी गोष्ट कामाची. आपल्या राहत्या घरात पाणी नळाला येते, दिवा बटणाला लागतो, कचरा कोणी तरी नेतो. लहान मुलाने काम केले नाही म्हणून कोणाचे काही अडत नाही. बाबा कचेरीत नक्की काय करतात हे कित्येक मुलांना सांगता येत नाही. आपल्या टिपणीचे, मसुद्याचे आणि जावक क्रमांकाचे महत्त्व आठ वर्षांच्या मुलाला समजावून देणे मला तरी आजवर जमलेले नाही. चाकांवरच्या घरात मात्र काम डोळ्यांपुढे असते आणि त्याचा उपयोगही तेथेच दिसतो. मुलाने पाणी आणले नाही तर चहा होत नाही. त्याने आणले तर सगळ्यांचा चहा त्याच्यामुळे झालेला असतो, आणि हे त्याला कोणी शाबासकी देऊन सांगावे लागत नाही. आपण लागतो, आपल्यावाचून अडते, या जाणिवेइतके मोठे सुख लहानपणी दुसरे नसावे. खेळण्यांची दुकाने ते विकू शकत नाहीत.

वाचक म्हणतील, की ही परदेशची हकीकत झाली. तसे नाही. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली, ही गोष्ट बाजूला ठेवू. ती अद्याप आपल्यासारख्यांच्या खिशाची बाब नव्हे. आपला खरा कॅरव्हॅन म्हणजे आगगाडीचा डबा. निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसने निघालेले मराठी कुटुंब पाहावे. आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, इटारसी अशी स्टेशने मागे पडत असताना सहा फळ्यांचा तो चौक हळूहळू आपला होत जातो. वर आजोबांची काठी, खाली आंब्याची पेटी, खिडकीच्या आकड्याला पिशवी. मधली फळी केव्हा उघडावयाची यावर वाद होतो, कारण ती उघडली की कोणालाच नीट बसता येत नाही. दशम्या, चटणी आणि गुळांब्याचा डबा उघडला की समोरचा अनोळखी प्रवासी आपली पुरी पुढे करतो आणि पंक्तीला सातवे पान मांडले जाते. भुसावळ आले की मुलांना उठवून फलाटावरची मराठी पाटी दाखविली जाते, मनमाड आले की आई डब्यात उरलेले अन्न मोजते, आणि दौंडला सर्वांचे केस विंचरले जातात. एका दिवसाहून थोड्या अधिक वेळात त्या कुटुंबाने जेवढे एकमेकांना पाहिले तेवढे क्वार्टरमध्ये महिन्यातही पाहिलेले नसते. पूर्वी दमणी जोडून, फिरकीचा तांब्या आणि वळकटी घेऊन सारे घर जत्रेला निघे, तेव्हाही हेच होत असावे. वाहने बदलली, अडचणीतले सुख एकच आहे.

आता आक्षेपांकडे वळू. कारण सुखाची नुसती आरती ओवाळणे हे निबंधाचे काम नव्हे.

पहिला आक्षेप असा, की हे सुख प्रत्यक्षात नसतेच. ते आठवणीने मागाहून रचलेले असते. भिजलेले बिछाने, चुकलेले रस्ते आणि रडणारी मुले विसरली जातात, आणि उरलेल्या चार क्षणांचे आपण सोने करतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा आपला हात साठ सेकंद बोचऱ्या गार पाण्यात धरला. दुसऱ्यांदा तसाच साठ सेकंद धरून, वर आणखी तीस सेकंद किंचित कमी गार पाण्यात ठेवला. पुन्हा करावयाचे तर कोणते, असे विचारता बहुतेकांनी दुसरा, म्हणजे अधिक लांब त्रास पत्करला. कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. आठवण ही कालावधीचा हिशेब ठेवीत नाही; ती टोकाचा क्षण आणि शेवट यांवरून निकाल देते. मग सहलीच्या आठवणीवर विश्वास कसा ठेवावा?

मला वाटते, एकट्याच्या आठवणीला लागू पडणारा हा निकाल कुटुंबाच्या आठवणीला जसाच्या तसा लावता येत नाही. कुटुंबाच्या आठवणीला साक्षीदार असतात. बाप म्हणतो, त्या वेळी किती मजा आली; लगेच मुलगी म्हणते, तुम्ही रस्ता चुकला होता आणि आई दोन तास बोलली नव्हती. आई म्हणते, दोन नव्हे, चार. सगळे हसतात. येथे त्रास विसरला गेलेला नाही. तो सर्वांच्या मालकीचा झाला आहे. दुःखाची आठवण एकट्याने काढणे आणि ती पाच जणांनी मिळून, एकमेकांची चूक दुरुस्त करीत काढणे, यांत फार अंतर आहे. दुसरे असे, की आठवण ही घडलेल्या गोष्टीचे नुसते छायाचित्र नसते. ती पुढे घडणाऱ्या गोष्टींचे भांडवलही असते. ज्या भावंडांनी एका गळक्या मांडवाखाली रात्र काढली आहे, त्यांना पुढे वाटणीच्या वेळी, किंवा आईवडिलांच्या आजारपणात, एकमेकांशी बोलण्यासाठी एक जागा आधीच तयार असते. म्हणून या सुखाला टिकाऊ म्हणावयाचे. त्या पंधरा दिवसांत आनंदाची बेरीज किती झाली, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो बहुधा स्त्रियांच्या मनात असतो. सुटी कोणाची? आमच्या वसाहतीतील एक गृहिणी एकदा सहज म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या सगळ्यांची सुटी माझ्या दोन हातांवरून जाते.” वाक्य थट्टेचे होते, पण त्यातला हिशेब बरोबर होता. निघण्याच्या आधी दोन रात्री जागून दशम्या कोणी केल्या? वाटेत कोणाला काय सोसत नाही हे कोणाच्या ध्यानात होते? परत आल्यावर धुण्याचा डोंगर कोणापुढे पडला? चाकांवर घर नेणे म्हणजे घराबरोबर चूलही नेणे. आणि चूल जिच्या गळ्यात आहे तिच्या दृष्टीने बदलला तो फक्त खिडकीबाहेरचा देखावा. स्टेबल्स यांच्या गाडीत घोड्यांची निगा गाडीवान राखी आणि बाकीची उठबेस नोकर करी. म्हणून त्यांच्या मनाला मोकळ्या रस्त्याची कविता सुचली असेल तर नवल नाही. कित्येक सहलींत गाडीवान आणि नोकर यांची दोन्ही कामे एकट्या गृहिणीकडे आलेली असतात, आणि कविता मात्र मालकाकडेच राहिलेली असते.

या आक्षेपाला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. ते वागणुकीनेच द्यावे लागते. मात्र त्यातून एक कसोटी हाती लागते. सहलीचे सुख खरे की खोटे हे ओळखावयाचे असेल, तर ज्याच्यावर सर्वांत अधिक भार होता त्याला विचारावे. त्याने, अर्थात बहुधा तिने, पुन्हा निघू या असे मनापासून म्हटले, तर ते सुख सगळ्या कुटुंबाचे. नाही तर ते इतरांनी तिच्याकडून घेतलेले उसने सुख. आणि गंमत अशी, की हे वाहन या कसोटीला उतरण्याची संधीही देते. पक्क्या घरात कष्ट नजरेआड होतात; बारा-पंधरा फुटांत ते होऊ शकत नाहीत. ज्या बापाने घरी कधी भांडे विसळले नाही त्याला येथे ते विसळताना पाहण्यास आडोसा नाही, आणि न विसळता बसून राहण्यासही आडोसा नाही. संधी घेतली तर सुटी ही घरच्या कामवाटपाची शाळा होते. मग परतल्यावर ती शाळा बंद न पडू देणे हे काम उरते, आणि तेच अवघड असते.

तिसरा आक्षेप या दोहोंहून गंभीर आहे. चाकांवरचे घर ही ज्यांची हौस आहे त्यांच्याविषयी आपण बोललो; ज्यांचे ते प्राक्तन आहे त्यांचे काय? स्टेबल्स स्वतःला सभ्य जिप्सी म्हणवून घेत. पण जे खरोखर जिप्सी होते, ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे घर घोडागाडीवर होते, त्यांना त्याच रस्त्यावरून हुसकून लावले जाई. इंग्लंडात १९६० साली कॅरव्हॅनच्या जागांसंबंधी कायदा झाला आणि अशा जागांना परवाना लागू लागला. हौशी लोकांच्या मान्यताप्राप्त क्लबांना त्यात सवलत मिळाली. म्हणून आजही क्लबने प्रमाणित केलेल्या शेतात सभासदांच्या पाच गाड्या उभ्या राहू शकतात. भटक्या कुटुंबांच्या मात्र थांबण्याच्या जुन्या जागा एकामागून एक गेल्या. १९६८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर त्यांना जागा देण्याचे कर्तव्य टाकले; १९९४ साली ते कर्तव्यही काढून घेण्यात आले. वाहन तेच, रस्ता तोच. एकाची सुटी आणि दुसऱ्याचा गुन्हा.

आपण इंग्रजांकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. आपल्याकडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरणारे बंजारा लोक रेल्वे आल्यावर धंद्याला मुकले. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने कित्येक भटक्या समाजांवर जन्मतःच शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का लोकांच्या मनातून इतक्या लवकर पुसला गेला नाही. महाराष्ट्रात बंजाऱ्यांच्या पक्क्या वस्त्यांनाही आज तांडा म्हणतात. पाय थांबले तरी शब्द चालतच राहिला आहे. आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून ऊस तोडण्यासाठी कुटुंबे निघतात, त्यांच्या गाडीत काय असते? भांडी, कांबळी, शेळी, धान्याचे पोते आणि वर बसलेली मुले. अगदी आपल्या सुटीतल्यासारखा सारा संसार. ती कारखान्याच्या फडाजवळ कोप्या उभारतात आणि गाळपाचा हंगाम सरेपर्यंत तेथे राहतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत घरी जाणे त्यांच्या हाती नसते. मुलांची शाळा अर्ध्यावर तुटते. तीही आईवडिलांबरोबर उघड्यावर निजतात, तीही पाणी आणतात, त्यांच्यावाचूनही खरोखरच अडते. मग वर ज्याला मी बालपणीचे मोठे सुख म्हटले ते त्यांना का मिळू नये?

येथे उपास आणि उपासमार यांचा भेद उपयोगी पडतो. अडचणीतले सुख हे अडचणीतून जन्मत नाही. ते परतण्याच्या मोकळिकीतून जन्मते. मागे कुलूप लावलेले घर आहे, शाळा अमुक तारखेला उघडणार आहे, पगार चालू आहे, आणि कंटाळा आला तर गाडी उद्याच वळविता येईल, या चार आधारांवर तो सारा खेळ उभा असतो. ते आधार काढून घ्या. तीच कोंडी कैद होते, तेच पाणी आणणे बालमजुरी होते. सुटीवर गेलेल्या मुलाच्या हातातली घागर आणि कोपीतल्या मुलाच्या हातातली घागर सारख्याच वजनाच्या असतील. एकीत मात्र भविष्याचे ओझे नसते.

तर मग असे सुख आपण भोगूच नये काय? मला तसे वाटत नाही. आपण आनंद सोडल्याने दुसऱ्याला तो मिळतो, असा जगाचा जमाखर्च नाही. पण ज्या सुखाचा पाया आपल्याला ठाऊक झाला त्याच्याशी वागण्याची रीत बदलली पाहिजे. जो स्वतः पंधरा दिवस चाकांवर राहिला, त्याने आपल्या वसाहतीबाहेर पाल ठोकून बसलेल्या कुटुंबाकडे पाहताना निदान नाक मुरडू नये. पाणी भरण्यास जागा असणे, रात्री कोणी न उठविणे आणि मुलाला शाळेत बसावयास मिळणे यांचे मोल त्याला कळलेले असले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांच्या टेबलावरून अशा लोकांचे कागद जातात. रहिवासाचा पुरावा नाही म्हणून परत पाठविलेल्या अर्जामागे कसले घर असेल, याची कल्पना करण्याची शक्ती जर त्या सुटीने दिली, तर सुटी कारणी लागली असे म्हणता येईल. हौसेच्या भटकंतीला काही नैतिक समर्थन असेल तर ते एवढेच. पण ते लहान नाही.

शेवटी आपल्यापुरते दोन शब्द. केंद्र सरकारची प्रवाससवलत १९५६ साली सुरू झाली. तिच्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याला आपले मूळ गाव जाहीर करावे लागते आणि साऱ्या नोकरीत ते एकदाच बदलता येते. नियमाचा हेतू हिशेबाचा आहे. पण त्या रकान्यापुढे लेखणी थांबल्याखेरीज राहत नाही. वडिलांचे गाव लिहावे तर तेथील वाड्याला आता चुलत्यांचे कुलूप. सासरचे लिहावे तर संकोच. आणि मुले तर दिल्लीत, जबलपुरात किंवा सिकंदराबादेत जन्मलेली. त्यांना ‘तुझे गाव कोणते?’ असे कोणी विचारले की ती आपल्या तोंडाकडे पाहतात. त्यांच्यापाशी आपण कोणते घर ठेवून जाणार, ही काळजी या मासिकाच्या पुष्कळ वाचकांच्या मनात असेल.

चाकांवरच्या त्या बिऱ्हाडाने या काळजीला एक उत्तर सुचविले आहे असे मला वाटते. घर ही जागा असेल तर आपल्या मुलांना घर नाही, हे मान्यच करावे लागेल. पण घर ही एक रीत असेल, म्हणजे काम वाटून घेण्याची, भांडून पुन्हा एका ताटाशी बसण्याची, अनोळखी माणसाला पंक्तीला घेण्याची आणि घडलेले मिळून आठवण्याची रीत, तर ती पाठीवर घेऊन जाता येते आणि बदलीच्या हुकुमाने मोडत नाही. सवलतीचा नियम फक्त भाड्याची भरपाई करतो, आणि त्याचे बरोबरच आहे. बाकीचे ज्याचे त्याने बांधावयाचे असते. पुढच्या खेपेस सुटीचा अर्ज भरताना कोठे जावयाचे याचा विचार जितका करू, तितकाच कोण काय उचलणार याचाही करावा. मुलांना पाणी आणू द्यावे, भांडी आपण विसळावी, आणि जिच्या हातांवरून आजवर सगळ्यांच्या सुट्या गेल्या तिला खिडकीजवळची जागा द्यावी.